सात फुटांची नाव

इंग्लंडच्या कालव्यांवरची नाव बघितली की पहिला प्रश्न पडतो तो तिच्या आकाराचा. रुंदी जेमतेम सात फूट आणि लांबी मात्र ७०-७२ फुटांपर्यंत! याचं उत्तर इतिहासात आहे, मंडळी.

१७६१ साली वर्स्लीच्या खाणीतला कोळसा कालव्याने मँचेस्टरला येऊ लागला आणि तिथला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. या कामातला मुख्य माणूस जेम्स ब्रिंडली. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेला, गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर. पुढे ट्रेंट आणि मर्सी नद्या जोडताना पाणी आणि पैसा वाचावा म्हणून त्याने लॉक अरुंद ठेवले. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी सोडायचं, की नाव आपसूक वर उचलली जाते. ना पंप, ना इंजिन! लॉक जेवढा, नाव तेवढीच. अशी नाव एकच घोडा काठावरून ओढी, आणि तीत २५-३० टन माल असे.

मुलीकडे गेलो असताना नॉर्दम्प्टनशायरमधल्या स्टोक ब्रुएर्न गावी एक दिवस या नावेतून हिंडलो. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे काठावरून चालणारा माणूसही मजेत बरोबर येतो. सात लॉक चढून गेलं की पुढे ब्लिस्वर्थचा बोगदा लागतो. १८०५ साली खुला झालेला, जवळपास २.८ किलोमीटर लांब. आत घोड्यासाठी वाट नाही. घोडा टेकडीवरून पलीकडे नेत आणि माणसं फळीवर आडवी होऊन भिंतीला पाय लावत नाव पुढे ढकलत. आम्हाला इंजिन असूनही तो अंधार सरायला अर्ध्या तासाहून जास्त लागला.

बाहेर आलो तर काठावर राखी बगळा ध्यान लावून उभा, लव्हाळ्यात पाणकोंबडी, आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला आपला वारकरी पक्षी! तिथे त्याला कूट म्हणतात. एक निळी रेघ पाण्यावरून सर्रकन गेली, तो खंड्या. हे सगळे आपल्याकडच्या तळ्यांवरही दिसतात, त्यामुळे परक्या देशात गाववाले भेटल्यासारखं वाटलं.

पण माझं मास्तराचं मन अडकलं ते नावेच्या मागच्या खोलीत. सात फूट रुंद, दहाएक फूट लांब. १८३८ साली लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे सुरू झाली, इतरत्रही रूळ पडत गेले. मालाचे दर पडले, मजुरी परवडेना. मग अनेक नावाड्यांनी घरभाडं वाचवायला बायकामुलांना नावेवरच आणलं. बायको सुकाणूवर, पोरगं घोड्यामागे, सगळा संसार त्या एका खोलीत. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थांनी यावर आवाज उठवला आणि १८७७ साली कायदा झाला. नावेची नोंदणी करायची आणि जिथे नोंद, तिथलं ते मूल शाळेसाठी रहिवासी मानायचं. कागदावर ठीक. पण नाव आज इथे, उद्या तिथे! मूल आज या गावच्या वर्गात बसे, पुन्हा महिनाभर शाळा नाही. हजेरीपटावर नाव असून बाकावर मूल नसणं काय असतं, ते मी जाणतो. विसाव्या शतकातही नावेवरच्या कितीतरी माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

१९४८ साली बहुतेक कालवे सरकारी झाले. १९६२-६३च्या कडक हिवाळ्यात पाणी गोठलं, नावा अडकल्या आणि उरलासुरला धंदाही बसला. तरी कालवे बुजले नाहीत, कारण टॉम रोल्ट यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली आलं होतं आणि १९४६ साली कालवे वाचवणाऱ्यांची संघटनाही उभी राहिली होती. अनेक ठिकाणी स्वयंसेवकांनी स्वतः गाळ उपसला. आज सुमारे २००० मैल जलमार्ग एक विश्वस्त संस्था सांभाळते.

कोळशासाठी खणलेल्या चरात आता खंड्या मासे धरतो, याचा आनंद आहेच. फक्त तिथल्या रंगीत नावांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले बघताना एवढं आठवावं, की त्या फुलांमागच्या खोलीत वाढलेल्या कितीतरी मुलांना आपल्याच नावेवर लिहिलेलं नाव वाचता येत नव्हतं.