उडीमागचा हिशेब

संपाती आणि जटायू ह्या दोघा भावांची रामायणातील कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तारुण्याच्या भरात त्यांनी सूर्यापर्यंत उडण्याची ईर्षा धरली. जटायू उन्हाने व्याकूळ झाला, तेव्हा संपातीने त्याच्यावर आपले पंख पसरले. धाकटा वाचला, थोरल्याचे पंख मात्र जळून गेले. उंच जाण्याचा आनंद आणि त्याचे मोल, ही दोन्ही आपल्या पूर्वजांनी एकाच कथेत सांगून ठेवली आहेत.

मनुष्याला पंख मिळाले नाहीत. परंतु उंचावरून सुखरूप खाली येण्याची विद्या त्याने मोठ्या कष्टाने मिळविली. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे गार्नेरँ हा फ्रेंच गृहस्थ पॅरिसवर बलूनमधून सुमारे ३,००० फूट उंच गेला, आणि दोर कापून कापडी छत्रीला टांगलेल्या टोपलीसह खाली आला. छत्रीखाली कोंडलेली हवा कधी ह्या काठाने, तर कधी त्या काठाने निसटत असल्यामुळे वाटेत टोपलीने भयंकर हेलकावे खाल्ले. पुढे छत्रीच्या माथ्यावर एक भोक ठेवण्यात आले, हवेला सरळ वाट मिळाली आणि हेलकावे कमी झाले.

उलट चाळीस वर्षांनी, १८३७ साली, लंडनमध्ये रॉबर्ट कॉकिंग ह्या एकसष्ट वर्षांच्या चित्रकाराने उलट्या शंकूच्या आकाराची छत्री बनविली. आपल्या आकडेमोडीत त्याने खुद्द छत्रीचे वजन धरलेच नव्हते. ती हवेत मोडली आणि तो प्राणास मुकला. धैर्य दोघांपाशीही होते. हिशेब एकाचा चुकला.

आपल्या देशात ही विद्या प्रथम आत्मसात केली ती कलकत्त्याच्या रामचंद्र चटर्जी ह्या कसरतपटूने. १८९० साली त्याने बलूनमधून छत्रीच्या साहाय्याने उतरून दाखविले. परंतु छत्री ही जत्रेतील करमणूक न राहता शिस्तीची गोष्ट झाली, ती युद्धामुळे. १९४१ साली हिंदुस्थानी सैन्यात छत्रीधारी ब्रिगेड उभी राहिली. त्याच वर्षी त्या सैन्यातील ए. जी. रंगराज नावाचे तरुण डॉक्टर विमानातून उडी घेणारे पहिले भारतीय अधिकारी ठरले.

आता ह्या इतिहासाचा आपल्या भागाशी येणारा संबंध पाहू. आपल्या हुबळी-धारवाडहून बेळगाव दूर नाही. तेथे १९२२ पासून मराठा पलटणींचे केंद्र आहे. गार्नेरँने उडी घेतली त्याच १७९७ साली मुंबई इलाख्यात एक पलटण उभी राहिली. तीच पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १९४४ साली इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे ह्याच बटालियनचे. १९५२ साली तिला पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजेच २ पॅरा (मराठा), असे नवे नाव मिळाले. डोंगरकडे चढून जाणाऱ्या मावळ्यांचे वारस आता आकाशातून उतरू लागले.

ह्या सैनिकाची उडी कशी असते? आग्र्याच्या शिक्षणकेंद्रात प्रथम जमिनीवरच गुडघे जुळवून पडण्याची तालीम दिली जाते. त्यानंतर विमानातून पाच उड्या पार पडल्या, की छातीवर पंखांचे चिन्ह लागते. युद्धात उडी थोड्या उंचीवरूनच घ्यावयाची असते, कारण जितका वेळ सैनिक हवेत, तितका वेळ तो शत्रूच्या नेमाचा धनी. म्हणून त्याच्या छत्रीचा पट्टा विमानातील तारेला अडकविलेला असतो. माणूस बाहेर पडताच पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते. बाकी सारा भरवसा ती छत्री घडी करणाऱ्या हातांवर! अमेरिकन सैन्यात तर असा दंडकच आहे, की घडी करणाऱ्याने स्वतः बांधलेली कोणतीही छत्री पाठीवर घेऊन उडी मारण्यास सिद्ध असले पाहिजे.

ह्या शिस्तीची कसोटी ११ डिसेंबर १९७१ रोजी लागली. मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविण्यासाठी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली २ पॅराचे शेकडो जवान टांगाईलजवळ उतरले. त्यांचे लक्ष्य पुंगली येथील पूल हे होते. शत्रूच्या मुलखात, सायंकाळी, पाठीवर ओझे आणि खाली अनोळखी भातशेते. विखुरलेले सामान गोळा करण्यास गावकरी धावून आले. त्याच रात्री पूल हाती आला. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून लढत आलेल्या सैन्याची त्यांच्याशी गाठ पडली, आणि योगायोग असा, की ती पलटणही मराठ्यांचीच, पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री होती. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरणाऱ्यांत २ पॅराचे जवान होते.

सैनिक कर्तव्यासाठी उडी घेतो. मग निव्वळ आनंदासाठी उडी घेणाऱ्यांविषयी काय म्हणावे? पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली, त्या वेळी तापमान शून्याखाली ३७ अंश होते. आश्चर्य असे, की ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती! हे साहस थक्क करणारे आहे. अनुकरणीय आहे, असे मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांस सांगणार नाही. त्यांना मी पुढचा भाग सांगेन. शीतलताई तेवढ्या कीर्तीवर थांबल्या नाहीत. त्यांनी रीतसर शिक्षण घेतले, २००६ साली दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिकावर उडी घेतली आणि पुढे उड्यांची संख्या शेकड्यांवर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांनी साडीचे कौतुक केले. परंतु ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात तो पदर छत्रीच्या दोऱ्यांत अडकू न देणे, ही खरी कौतुकाची गोष्ट होय.

ह्याही पलीकडे संपातीची ईर्षा अजून जिवंत आहे. हातापायांमध्ये कापडी पंख लावून पक्ष्याप्रमाणे तरंगण्याचे वेड गेल्या शतकात अनेकांना लागले. अमेरिकेचा क्लेम सोन १९३७ साली फ्रान्समध्ये हजारोंच्या देखत कोसळला. त्याच्या छत्र्या गुंतल्या. फ्रान्सचा लिओ व्हॅलंटिन १९५६ साली लिव्हरपूल येथे मेला. बाहेर पडतानाच त्याचा लाकडी पंख विमानावर आदळला होता. आजच्या विंगसूटचा जनक पात्रिक द गायार्दों हा १९९८ साली हवाई बेटांत गेला. पंखांनी त्याला दगा दिला नव्हता. छत्रीच्या पिशवीत स्वतःच केलेला एक बदल त्याला नडला.

हा पोशाख घातलेला माणूस एक मीटर खाली येईपर्यंत दोन-अडीच मीटर पुढे जाऊ शकतो. ते सुख शब्दांत सांगण्यासारखे नसावे. पण शेवटी उतरावयाचे ते छत्रीनेच. म्हणूनच अमेरिकेतील संघटनेने किमान २०० उड्या झाल्याशिवाय विंगसूट घालू नये, असा नियम केला आहे. विमानातून उडी घेणाऱ्यापाशी दुसरी, राखीव छत्री असते आणि ती उघडण्यास अवधीही असतो. कड्यावरून उडी टाकणाऱ्यास तो अवधी मिळत नाही. २०१२ साली गढवालच्या शिवलिंग शिखरावरून उडालेला रशियाचा कसलेला वीर व्हॅलेरी रोझोव्ह २०१७ साली नेपाळमध्ये अशाच उडीत गेला. अनुभव धोका कमी करतो. तो नाहीसा करू शकत नाही.

श्रोतेहो, तरुणांनी साहस करू नये असे सांगणारा शिक्षक मला पसंत नाही. साहसावाचून गार्नेरँ झाला नसता आणि टांगाईलही झाले नसते. पण एखादा मुलगा मला विचारील, की मी आकाशातून उडी घेऊ का, तर मी त्याला विचारीन: छत्रीची घडी घालावयास शिकण्याइतका धीर तुझ्यापाशी आहे काय? त्याने होय म्हटले आणि तो ती खरोखरच शिकून आला, तर मी त्याला अडविणार नाही.