लाइन लॉक : शर्यतीच्या गाडीची पुढची चाके धरून ठेवणारी झडप

ड्रॅग रेसिंग हा मोटार शर्यतीचा सर्वांत आखूड प्रकार. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे सरळ अंतर जी आधी कापेल ती जिंकते. मात्र शर्यत सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांना आणखी एक दृश्य पाहावयास मिळते. गाडी जागच्या जागी उभी असते, मागची चाके भन्नाट वेगाने फिरत असतात आणि पांढऱ्या धुराचे लोट उठत असतात. पुढची चाके मात्र तसूभरही हलत नाहीत. हा चमत्कार नव्हे. मुठीत मावेल एवढ्या एका विद्युत झडपेची ही करामत आहे. शर्यतीच्या जगात ती 'लाइन लॉक' या नावाने ओळखली जाते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्नियात तरुण मंडळी जुन्या गाड्यांची इंजिने सुधारून रस्त्यांवर आणि ओसाड विमानतळांवर शर्यती लावीत. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर व्यावसायिक स्वरूपाची ड्रॅग शर्यत भरू लागली. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. रस्त्यावरची जीवघेणी चुरस नियमांच्या चौकटीत आणणे हा तिचा हेतू होता. १९६३ पासून झेंड्याऐवजी दिव्यांच्या खांबाने, म्हणजेच 'ख्रिसमस ट्री'ने, शर्यत सोडण्यात येऊ लागली. इंजिनांची ताकद वाढत गेली, तसतसा खरा प्रश्न टायरचा होऊन बसला. इंजिन कितीही जोरकस असले तरी टायर रस्त्याला धरून राहिला नाही, तर ती ताकद नुसत्या धुरात जाते.

टायर तापवायचे कशासाठी?

शर्यतीसाठी वापरले जाणारे मऊ, नक्षी नसलेले 'स्लिक' टायर थंड असताना पुरेशी पकड देत नाहीत. तापल्यावर त्यांचे रबर चिकट होते. शिवाय रांगेतून पुढे येताना त्यांवर बसलेली धूळ व खडी निघून जाते. यास्तव आरंभरेषेच्या मागे ओल्या केलेल्या जागेत चाके भिजवून ती फिरविण्यात येतात. या क्रियेस 'बर्नआउट' म्हणतात. पाण्यामुळे चाके सहज घसरू लागतात आणि पाणी उडून गेल्यावर घर्षणाने टायर तापतो. एके काळी पाण्याऐवजी कपडे धुण्याचे ब्लीच ओतीत. त्यामुळे त्या जागेला 'ब्लीच बॉक्स' हे नाव पडले आणि ते आजही कानी पडते. रस्त्यावरच्या नक्षीदार टायरना मात्र याचा फारसा लाभ नाही. त्यांच्या खाचांत साठलेले पाणी आरंभरेषेपर्यंत जाते आणि सर्वांचीच पकड बिघडविते.

आता अडचण अशी, की मागची चाके फिरवायची तर गाडी पुढे जाणार. ती थोपवायची तर ब्रेक दाबला पाहिजे. पण पायाचा ब्रेक चारही चाकांना लागतो. मग इंजिन एकीकडे चाक फिरवू पाहते आणि ब्रेक तेच चाक अडवितो. मागचे ब्रेक लायनर तापून झिजतात. गिअरच्या गाडीत तर क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर अशी तीन पेडले आणि पाय दोनच! या पेचातून लाइन लॉकचा जन्म झाला. अमेरिकेतील हर्स्ट या कंपनीने हे साधन 'रोल कंट्रोल' या नावाने बाजारात आणले आणि पुढे ते शर्यतपटूंच्या नित्याच्या वापरातले झाले.

रचना आणि कार्य

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो व तो नळ्यांवाटे चाकांपर्यंत पोहोचतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत पुढच्या व मागच्या ब्रेकचे मार्ग वेगळे असतात. लाइन लॉकची झडप केवळ पुढच्या मार्गावर बसविली जाते. ती एरवी उघडी असते व ऑइल तिच्यातून विनाअडथळा जा-ये करते. वीज मिळताच आतील विद्युतचुंबक दांडी ओढतो आणि झडप मिटते. त्या क्षणी पुढच्या नळीत जेवढा दाब असेल तेवढा तिथेच कोंडला जातो. पेडल सोडले की मागची चाके मोकळी होतात, पुढची मात्र जखडलेली राहतात. वीज तोडली की झडप उघडते आणि गाडी सुटते.

यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. झडप स्वतः दाब निर्माण करीत नाही, ती केवळ दाब अडवून धरते. तसेच वीज गेल्यास ती उघडी पडते. फ्यूज उडाला वा तार तुटली तर गाडीचे नेहमीचे ब्रेक शाबूत राहतात.

जोडणी

मास्टर सिलिंडरकडून येणारी पुढच्या ब्रेकची नळी डाव्या व उजव्या चाकांकडे फुटण्यापूर्वी झडप बसवावी लागते. काही गाड्यांत दाबाचे वाटप करणाऱ्या झडपेतूनच पुढच्या चाकांकडे दोन नळ्या निघतात. तेथे एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडावर लाइन लॉक लावतात व त्यापुढे दोन फाटे काढतात. नळी ब्रेकसाठीच बनविलेली पोलादी असावी आणि तिची तोंडे दुहेरी घडी घालून पसरविलेली असावीत. तांब्याची साधी नळी किंवा नळकामातील दाबून बसविणारे सांधे येथे वापरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. जोडणीनंतर ब्रेकमधील हवा संपूर्ण काढावी लागते, कारण हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजासारखे दबते. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते, म्हणून सांडलेले लगेच पुसून घ्यावे.

विजेची जोडणी तुलनेने सोपी आहे. इग्निशन चालू असतानाच वीज मिळेल अशा ठिकाणाहून तार घ्यावी. उगमाजवळच फ्यूज बसवावा. त्यापुढे एक मुख्य स्विच, त्यानंतर दाबून धरण्याचे बटण, मग झडप आणि शेवटी गाडीच्या सांगाड्याला अर्थिंग असा क्रम असतो. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून धातू उघडा करावा, अन्यथा झडप कधी चालते, कधी रुसते. बटण नाजूक असल्यास मध्ये रिले घालणे श्रेयस्कर. त्यामुळे झडपेचा प्रवाह बटणाच्या टोकांतून जात नाही व ती जळत नाहीत. बटणानंतर समांतर जोडलेला एक लहान दिवा डॅशबोर्डवर असावा, म्हणजे झडपेला वीज मिळत असल्याचे चालकास कळते. तारा सायलेन्सरच्या गरम भागांपासून दूर न्याव्यात. पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी कडी घालावी. फ्यूजची क्षमता आणि तारेची जाडी झडपेच्या निर्मात्याने दिल्याप्रमाणेच ठेवावी.

बटण दाबले असेपर्यंतच चालणारे हवे. एकदा दाबून तसेच राहणारा स्विच कदापि लावू नये. बोट उचलताच सुटका झाली पाहिजे, हे या साधनाचे मूलभूत पथ्य आहे. मुख्य स्विच रस्त्यावर चालविताना बंद ठेवायचा असतो. वेगात असताना ब्रेक मारला आणि चुकून बटणही दाबले गेले, तर पेडल सोडूनही पुढची चाके जखडलेली राहतील. अशी चाके वळविली तरी गाडी वळत नाही.

वापराचा क्रम

चालक मागची चाके पाण्यात भिजवितो व पाण्यातून जेमतेम बाहेर येऊन थांबतो. ब्रेक जोराने दाबतो, पेडल दाबलेलेच ठेवून बटण दाबतो, मग पेडल सोडतो. हा क्रम उलटवू नये. झडप आधी मिटली, तर पुढच्या ब्रेकपर्यंत पुरेसा दाब पोहोचल्याची खात्री राहत नाही. त्यानंतर इंजिनचे फेरे वाढवून मागची चाके फिरविली जातात. धूर येऊ लागला आणि टायर तापले, की बटण सोडून गाडी पुढे वाहू दिली जाते. फिरती चाके एकदम ब्रेकने थोपविल्यास मागील ॲक्सल व गिअरबॉक्सवर आघात होतो.

दुसरा उपयोग आरंभरेषेवर होतो. जागा उतरती असेल तर गाडी प्रकाशकिरणांच्या रेषेवरून सरकू शकते. पुढची चाके धरून ठेवली की दोन्ही पाय क्लच आणि ॲक्सिलरेटरसाठी मोकळे राहतात. हिरव्या दिव्यासरशी बटण सुटते.

पहिली चाचणी पुढची चाके जॅकवर उचलून, गाडी भक्कम टेकूंवर ठेवून घ्यावी. ब्रेक, बटण, पेडल सोडणे या क्रमानंतर चाक हाताने फिरता कामा नये. बटण सोडताच ते मोकळे फिरले पाहिजे. चाचणीत वा बर्नआउटच्या वेळी गाडीच्या समोर कोणीही उभे राहू नये. तसेच लाइन लॉक म्हणजे हँडब्रेक नव्हे. कोंडलेला दाब हळूहळू उतरू शकतो आणि सतत वीज दिल्यास झडपेची कॉइल तापते. त्यामुळे गाडी उभी करून ठेवण्यास तिचा उपयोग करू नये.

कारखान्यातूनच आलेले लाइन लॉक

फोर्डने २०१५ च्या मस्टँग जीटी या गाडीत हीच सोय कारखान्यातूनच दिली. तेथे वेगळी झडप नसून एबीएस यंत्रणाच पुढच्या ब्रेकचा दाब धरून ठेवते. चालकाने पडद्यावरील यादीतून ती निवडायची असते आणि ती केवळ शर्यतीच्या मैदानासाठी आहे, अशी सूचनाही मिळते. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डेमनमध्येही ही सोय होती. एबीएस असलेल्या गाडीत बाहेरून झडप घुसविणे मात्र अधिक गुंतागुंतीचे असून जाणकाराविना करू नये.

आपल्याकडे

लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा भरली आणि महाराष्ट्रातील हौशींना या खेळाची ओळख झाली. मात्र आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांत तापवायची ती पुढचीच चाके, म्हणजे पुढचे ब्रेक धरून ठेवणारी झडप निरुपयोगी ठरते. शिवाय अशा अनेक गाड्यांत ब्रेकचे मार्ग तिरके, म्हणजे एक पुढचे व विरुद्ध बाजूचे मागचे चाक असे जोडलेले असतात.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, तर कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी परवानगीविना शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढविण्यात आली.

ब्रेक ही गाडीतील अशी यंत्रणा आहे, की तिच्यातील चुकीची किंमत समोरून चालणाऱ्यालाही मोजावी लागते. म्हणूनच लाइन लॉकची जागा बंदिस्त धावपट्टीवर आहे, शहरातील सिग्नलवर नव्हे.