जाऊबाईंचे तीन गर्भ आणि १९८३ साल



आमच्या थोरल्या जाऊबाईंचे ओळीने तीन गर्भ गेले. तिसरा १९८१ साली. घरात आयंबिल झाली, पत्रिका पाहिल्या, शेवटी सगळं त्यांच्या कर्मावर टाकून मोकळे झालो. मीही त्यातच होते.

आता वाचते तेव्हा साल डोळ्यात खुपतं. १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी एक आजार मांडला. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःविरुद्धच अँटीबॉडी बनवते, रक्ताच्या गुठळ्या होतात, वारेचं काम बिघडतं आणि गर्भ पुन्हापुन्हा जातो. आज त्याला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. रक्त तपासून तो कळतो.

दुसरं कारण गुणसूत्रांचं. माणसाच्या पेशीत ती ४८ असतात असंच आधी शिकवत. ४६ हा बरोबर आकडा त्यियो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये मोजला, तोही १९५६ साली! पहिल्या तीन महिन्यांतल्या साधारण निम्म्या गर्भपातांत गर्भाच्याच गुणसूत्रांत चूक असते. काही जोडप्यांत आईच्या किंवा वडिलांच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदललेले असतात. त्या माणसाला स्वतःला काहीच त्रास नसतो. आमच्या भाऊजींचं रक्त कोणी कधी तपासलं नाही, तसं कुणाच्या मनातही आलं नाही.

उपाय म्हणून नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याची पद्धतही निघाली होती. १९८५ च्या लंडनच्या प्रयोगाने आशा दाखवली, पण १९९९ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत फायदा दिसला नाही. पैसे भरण्याआधी हे माहीत असावं.

मी कॉमर्सची, आकडे आधी बघते. १९९७ साली लंडनच्याच सेंट मेरीज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी या अँटीबॉडी असलेल्या ९० जणींवर चाचणी केली. नुसत्या ॲस्पिरिनवर ४५ पैकी १९ जणींना मूल झालं, सोबत हेपॅरिनची इंजेक्शनं दिली तेव्हा ४५ पैकी ३२ जणींना.

आणि इथेच आपली अडचण. हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीला तेच लिहून दिलं. ती रात्री फोनवर रडत होती, "मावशी, काय करू?" मी जन्मात कांदा-बटाटा न खाल्लेली बाई. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हटलं, "घे. प्रायश्चित्त आपण दोघी मिळून घेऊ."

जाऊबाईंना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"