मूळ फोटो शाबूत ठेवणारं सॉफ्टवेअर

घरचे फोटो सुधारायला नवख्यानं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? या प्रश्नाला एक छोटा इतिहास आहे.

फिल्मच्या काळात प्रिंट बिघडली तरी निगेटिव्हवरून दुसरी काढता यायची. संगणकावर फोटो म्हणजे एकच फाइल. ती बदलून तशीच सेव्ह केली, की मूळ रूप गेलं.

1990 साली थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेलं फोटोशॉप अ‍ॅडोबीनं बाजारात आणलं. ते महाग आणि व्यावसायिकांच्या कामाचं. 1996 मध्ये गिम्प आलं; फुकट, पण शिकायला वेळ घेणारं. घरगुती माणसाला सोपं वाटलं ते पिकासा. 2004 मध्ये गूगलनं ते विकत घेऊन मोफत दिलं. एका बटणावर उजेड-रंग सुधारत, आणि केलेले बदल वेगळे नोंदले जात. मूळ फाइल तशीच राही. 2016 मध्ये गूगलनं ते थांबवलं.

पिकासा गेलं, कसोटी उरली. सॉफ्टवेअर निवडताना फिल्टर मोजू नका. मूळ फोटो परत मिळतो का, ते पाहा. आजीचा एकुलता एक फोटो असेल, तर आधी त्याची प्रत काढा. सुरकुत्या पुसलेली आजी नातवंडं ओळखणार नाहीत.