पाण्याचा कलह आणि मैत्रीभावना : पाली साहित्यातील दुःखविचाराचे एक अंग

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला आहे. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात पाऊस थोडा आणि त्याहून अधिक बेभरवशाचा. त्यामुळे नदी, ओढा, विहीर आणि पुढे कालवा यांच्याभोवतीच येथील सामाजिक जीवन गुंफले गेले. भीमेवरील उजनी धरण याच तालुक्यात उभे राहिले. ते १९८० साली पूर्ण झाले आणि त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. धरणामुळे या भागात ऊस आला, बागाईत आली. पण पाण्यावरून होणारा कलह संपला नाही, त्याचे स्वरूप मात्र पालटले. पूर्वी जो प्रश्न गावविहिरीच्या काठावर उभा होता, तो आता कालव्याच्या पाळीवर, वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांत आणि शेजारच्या तालुक्यांत उभा राहिला.

पाण्याच्या या प्रश्नाचा बौद्ध दुःखविचाराशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. दुःख म्हणजे जन्म, जरा, व्याधी आणि मरण. त्यावरचा उपाय म्हणजे एकांतातील ध्यान. आणि ध्यान म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. परंतु पाली साहित्यातील काही प्राचीन आणि महत्त्वाचे उतारे या समजुतीला छेद देतात. दुःख माणसामाणसांच्या संबंधांत उत्पन्न होते, आणि ध्यानाने जे साधावयाचे ते त्या संबंधांत उतरले पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या उताऱ्यांपैकी काहींच्या मुळाशी किंवा परंपरेने सांगितलेल्या निमित्तात पाणी आहे.

यांतील पहिला उतारा म्हणजे सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील अत्तदण्डसुत्त. अट्ठकवग्ग हा त्रिपिटकातील अतिशय जुना भाग मानला जातो. या सुत्तात बुद्ध आपल्या मनाला बसलेला धक्का, म्हणजे संवेग, कसा निर्माण झाला ते सांगतात. हाती शस्त्र घेतल्यानेच भय जन्मते, असे प्रतिपादून ते आटत चाललेल्या डबक्यात तडफडणाऱ्या माशांची उपमा देतात. एकमेकांवर उलटलेली माणसे त्यांना तशी दिसली. स्वतःसाठी निर्भय जागा शोधता ती कोठेच मोकळी सापडली नाही. शेवटी या धावपळीचे कारण बाहेर नसून अंतःकरणात रुतलेले, सहजी न दिसणारे एक शल्य आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. ते शल्य उपटले की माणूस धावतही नाही आणि बुडतही नाही.

या सुत्तात दोन गोष्टी एकत्र आहेत. आरंभ कलहात आहे, आणि शेवट अंतःकरणाच्या परीक्षणात आहे. पाणी आटल्यामुळे मासे एकमेकांचे वैरी होतात, हे बाह्य कारण झाले. पण माणूस मासा नाही, त्याच्या वैराला आतले शल्यही कारण असते. दुःखाचे कारण बाहेर की आत, हा नंतरच्या काळात फार चर्चिला गेलेला प्रश्न या सुत्ताने असा दुभंगून मांडलेला नाही.

अट्ठकथांच्या परंपरेने या सुत्ताचा संबंध शाक्य आणि कोलिय यांच्या कलहाशी जोडला आहे. कुणालजातकाच्या अट्ठकथेत हा प्रसंग विस्ताराने येतो. रोहिणी नदीवर एकच बांध होता आणि त्याच्या पाण्यावर दोन्ही कुळांची शेती होती. ज्येष्ठ महिन्यात पिके कोमेजू लागली, तेव्हा दोन्हीकडचे मजूर बांधावर जमले. पाणी वाटले तर कोणालाच पुरणार नाही, आमचे पीक एका पाण्यावर निघेल, तेव्हा ते आम्हालाच द्या, असे एका बाजूने म्हटले. तेच दुसऱ्या बाजूने म्हटले. आज पाणी सोडले तर उद्या धान्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागेल, ही दोघांचीही धास्ती होती. बोलण्यावरून हाणामारी झाली, आणि मग एकमेकांच्या कुळाच्या उत्पत्तीवरून शिवीगाळ सुरू झाली. ही निंदा अधिकाऱ्यांच्या द्वारे राजकुलांपर्यंत पोहोचली आणि सैन्ये नदीकाठी येऊन उभी राहिली. बुद्धांनी राजांना कलहाचे कारण विचारले, तेव्हा त्यांना ते सांगता येईना. प्रश्न एकेक पायरी खाली उतरत अखेर मजुरांपाशी आला, तेव्हा पाणी हे कारण समजले. पाण्याचे मोल किती आणि माणसाच्या रक्ताचे मोल किती, या प्रश्नापुढे दोन्ही पक्ष निरुत्तर झाले.

अट्ठकथा बुद्धकाळानंतर कित्येक शतकांनी सिद्ध झाल्या. म्हणून हा प्रसंग जसाच्या तसा घडला असे मानण्याचे कारण नाही. परंतु कलहाचे जे विश्लेषण त्यात आहे ते मोलाचे आहे. टंचाईतून भय, भयातून हक्काचा आग्रह, आग्रहातून निंदा, आणि निंदा एकदा कुळाच्या प्रतिष्ठेला भिडली की मूळ कारणाचा विसर, असा हा क्रम आहे. शस्त्र उचलणाऱ्यांना आपण ते कशासाठी उचलले हेच ठाऊक नसते. ठाऊक असते ते बांधावर राबणाऱ्यांना. दुःखाचे निदान करणाऱ्याने प्रश्न कोणत्या पायरीपर्यंत खाली न्यावा लागतो, याचे हे सूचक उदाहरण आहे.

मराठीत या सुत्ताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय प्रामुख्याने धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांना जाते. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींनी सिंहलद्वीपात पालीचे अध्ययन केले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाच्या संपादनाला आयुष्यातील अनेक वर्षे दिली. १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले ही रूढ कथा बाजूला सारली. ती मुळात विपस्सी बुद्धाच्या चरित्रात येते, हे त्यांनी दाखविले. आणि गृहत्यागाच्या कारणांचा शोध घेताना अत्तदण्डसुत्तातील आप्तांच्या सशस्त्र कलहाकडे लक्ष वेधले. त्यामुळे बुद्धाच्या संवेगाला एक सामाजिक अधिष्ठान मिळाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच दिशा आणखी पुढे नेलेली आढळते. तेथे रोहिणीच्या पाण्याचा वाद थेट गृहत्यागाच्या आधी येतो. शाक्य संघात युद्धाचा ठराव मांडला जातो, सिद्धार्थ त्याला विरोध करतो, बहुमत विरुद्ध जाते, आणि कुटुंबावर संकट येऊ नये म्हणून तो परिव्रज्या पत्करतो. कोसंबींच्या मांडणीत भर संवेगावर आहे. आंबेडकरांच्या मांडणीत तो सार्वजनिक निर्णयावर आणि अल्पमताच्या जबाबदारीवर आहे.

या फरकाचे कारण केवळ पाठभेदात शोधून चालणार नाही. ते महाराष्ट्रातील गावगाड्यात आहे. रोहिणीच्या कथेतील दोन्ही पक्षांचा बांधावर हक्क होता. वाद वाटणीचा होता. महारवाड्याचा प्रश्न वेगळा होता. त्याला वाटणीत वाटेकरी म्हणूनच स्थान नव्हते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला; तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. माढ्याचा परिसर या चळवळीपासून दूर नव्हता. शेजारच्या बार्शीत १९२४ साली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली होती, आणि १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. ऑक्टोबर १९५६ मधील नागपूरच्या धर्मदीक्षेनंतर सोलापूर जिल्ह्यातही महार समाजाच्या मोठ्या भागाने बौद्ध धम्म स्वीकारला. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्याला आपल्या दुःखाचे मूळ आपल्याच तृष्णेत शोध, एवढेच सांगणे हा उपदेश नसून उपहास ठरला असता. चार आर्यसत्यांच्या प्रचलित मांडणीविषयी आंबेडकरांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जी शंका उपस्थित केली, तिचे गांभीर्य या पार्श्वभूमीवर कळते.

मग ध्यानाचे काय? ते या सामाजिक दुःखविचारात अप्रस्तुत ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर विसुद्धिमग्गाच्या ब्रह्मविहारविषयक प्रकरणात सापडते. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील या ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम दिला आहे. साधकाने आरंभ स्वतःपासून करावा. नंतर आदरणीय व प्रिय व्यक्ती, मग तटस्थ व्यक्ती, आणि शेवटी वैरी, यांच्याकडे तीच भावना न्यावी. या अभ्यासाची परिणती ‘सीमासंभेद’ या अवस्थेत होते. म्हणजे आपण, आपला, परका आणि वैरी यांमधील सीमा मोडणे. ती स्पष्ट करण्यासाठी बुद्धघोषाने एक दृष्टांत दिला आहे. चौघे एकत्र बसले असता दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी एक माणूस मागतात. साधकाने वैऱ्याकडे बोट दाखविले तर सीमा मोडली नाही हे उघड आहे. परंतु त्याने स्वतःला पुढे केले तरीही ती मोडली नाही, असे ग्रंथकार म्हणतो. चौघांपैकी एकही देण्याजोगा न वाटणे, हीच सीमा मोडल्याची खूण होय. मैत्री म्हणजे आत्मनाश नव्हे, हे येथे स्पष्टपणे नोंदविले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून त्यागाचीच अपेक्षा केली गेली त्यांच्या दृष्टीने या सूक्ष्म भेदाचे महत्त्व मोठे आहे.

याच प्रकरणात वैऱ्याविषयीचा क्रोध शमत नसेल तर कोणते उपाय करावेत, त्यांची यादी येते. बहुतेक उपाय मनन-चिंतनाचे आहेत. पण ते सारे थकले तर शेवटी दान सांगितले आहे. आपले काही वैऱ्याला द्यावे आणि त्याचे आपण घ्यावे. ध्यानशास्त्रावरील ग्रंथात, मनाचे उपाय संपल्यावर, वस्तूंच्या देवघेवीचा उपाय यावा, ही गोष्ट ध्यान आणि संबंध यांतील नात्यावर पुरेसा प्रकाश टाकते.

भिक्षुसंघाच्या जीवनातही हेच नाते दिसते. कौशांबीच्या भिक्षूंचा प्रसिद्ध कलह, अट्ठकथेच्या सांगण्याप्रमाणे, शौचालयातील भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवल्याच्या क्षुल्लक कारणावरून पेटला. बुद्धांनी समजावूनही तो मिटला नाही आणि ते तेथून निघून गेले. मज्झिमनिकायातील उपक्किलेससुत्तानुसार पुढे ते अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तिघांकडे गेले. दूध आणि पाणी जसे मिसळून जावे तसे हे तिघे राहत होते. ते कसे साधते, असे विचारता त्यांनी प्रथम परस्परांविषयीच्या मैत्रीपूर्ण आचरणाचे वर्णन केले, आणि मग दिनक्रम सांगितला. पिण्याचे, हातपाय धुण्याचे वा शौचाचे भांडे ज्याला रिकामे दिसे, तो ते भरून ठेवी. भांडे जड असेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी. त्यासाठी मौन मोडावे लागत नसे. समाधीतील सूक्ष्म अडथळ्यांची चर्चा या सुत्तात यानंतर येते. म्हणजे भरलेले पाण्याचे भांडे आधी, समाधीचे विवेचन नंतर. एका ठिकाणी उरलेल्या पाण्यावरून संघ फुटतो, दुसऱ्या ठिकाणी रिकामे भांडे न सांगता भरल्याने तो टिकतो. हा विरोध केवळ योगायोगाचा वाटत नाही.

गृहस्थांसाठी हाच विचार दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात आला आहे. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणाला बुद्ध आईबाप, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण या सहा दिशा दाखवितात. प्रत्येक नात्यात कर्तव्ये दोन्ही बाजूंची आहेत. सेवकाला झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, हे धन्याचे कर्तव्य आधी येते, सेवकाचे नंतर. रोहिणीच्या बांधावर ज्यांच्या तोंडून कलहाचे कारण कळले, त्या राबणाऱ्यांची ही दिशा होय.

१९६९ साली सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन मुंबईत विपश्यनेचे पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरी हे या साधनेचे मोठे केंद्र झाले. त्यामुळे महाराष्ट्रात ध्यान हा विषय ग्रंथांतून बाहेर पडून सामान्यांच्या आचरणात आला. या दहा दिवसांच्या शिबिरातही शेवटी मौन सुटते तेव्हाच मैत्रीभावना शिकविली जाते. साधक माणसांत परततो तो तिच्या द्वारे. तथापि ध्यानाकडे खाजगी मनःशांतीचे साधन म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आज बळावलेली दिसते. उलट पक्षी, ध्यानाचे नाव निघताच सामाजिक प्रश्न टाळला जात असल्याचा संशयही व्यक्त होतो. या दोन्ही भूमिका वरील आधारांशी जुळत नाहीत.

पाली साहित्याचे म्हणणे दोन अंगांनी पाहावे लागते. पाण्याची वाटणी न्यायाने झाल्यावाचून मनातील भय जात नाही. आणि मनातील शल्य निघाल्यावाचून न्यायाने ठरलेली वाटणीही टिकत नाही. पहिल्या अंगावर आंबेडकरांनी भर दिला, कारण त्यांच्यापुढे वाटणीतूनच वगळलेला समाज होता. दुसऱ्या अंगाचा पाठ कोसंबींनी मराठीत उपलब्ध करून दिला. भीमा-सीनेच्या दुआबात, जेथे उन्हाळ्याच्या पाळीची वाट वरचा आणि खालचा शेतकरी सारख्याच धास्तीने पाहतो, तेथे ही दोन्ही अंगे एकत्र वाचण्याची गरज अधिक आहे. आटत्या पाण्यातील माशांची उपमा देणाऱ्याने पाण्याकडे दुर्लक्ष करा असे सांगितले नाही. पाण्यासाठी झगडताना माणसाचे मोल विसरू नका, एवढेच सांगितले.