उत्तम दहांच्या यादीची कुळकथा

सिनेमा मन लावून पाहायला लागलेला माणूस कधी ना कधी यादीपाशी येतो. कुणीतरी अनुभवी सिनेमावेडा कागद पुढे सरकवतो, ‘हे एवढे बघ, मग बोलू’. त्या कागदावर ‘बायसिकल थीव्ह्ज’ असतो, ‘सिटिझन केन’ असतो, ‘पाथेर पांचाली’ असतो. अशा बऱ्याच याद्यांचं मूळ शोधत गेलं की आपण लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाच्या दारात पोचतो.

१९५२ साली ब्रसेल्सच्या एका महोत्सवाने दिग्दर्शकांना त्यांचे सर्वोत्तम दहा चित्रपट विचारले. आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ पहिला आला. ते पाहून ‘साइट अँड साउंड’ने तोच प्रश्न समीक्षकांना घातला. ८५ जणांना विचारलं, ६३ जणांनी उत्तर दिलं. २५ मतं मिळवून पहिला आला व्हित्तोरियो डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. चित्रपट तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता! तेव्हापासून दर दहा वर्षांनी हा कौल घेतला जातो.

कौलाची रीत साधी आहे. प्रत्येकाने दहा नावं द्यायची, प्रत्येक नावाला एक मत, वर-खाली काही नाही. म्हणजे पहिला आलेला चित्रपट एकाही मतदाराचा सर्वांत लाडका नसू शकतो. २०१२ साली ८४६ जणांनी नावं पाठवली आणि हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ १९१ मतांवर पहिला आला. तीन चतुर्थांशांहून जास्त मतदारांच्या दहांत तो नव्हताच. यादीचा धाक वाटणाऱ्या नव्या प्रेक्षकाला मी हा हिशेब आवर्जून सांगतो.

या याद्या एकापुढे एक ठेवून वाचल्या की मला त्यांत गुणवत्तेइतकाच रिळांचा प्रवास दिसतो. जो चित्रपट पाहायलाच मिळाला नाही, त्याला मत कोण देणार? ‘सिटिझन केन’ १९४१चा, पण १९५२च्या दहांत नाही. पन्नासच्या दशकात तो अमेरिकेत टेलिव्हिजनवर आला, थिएटरात पुन्हा लागला, नव्या पिढीने पाहिला. १९६२ला तो पहिला आला आणि २००२पर्यंत तिथून हलला नाही. ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३चा. न्यूयॉर्कच्या थिएटरांत तो लागला १९७२ साली आणि या यादीच्या पहिल्या दहांत आला १९९२ला, थेट तिसरा. ‘व्हर्टिगो’ तर खुद्द हिचकॉक यांनीच वितरणातून काढून घेतला होता. १९८२ला सातव्या जागी असलेला हा चित्रपट त्यांच्या निधनानंतर पुन्हा पडद्यावर आला आणि चौथा, दुसरा, पहिला असा चढत गेला.

मतदार बदलले की यादीही बदलते. २०२२ला १,६३९ जणांनी मत दिलं आणि पहिला आला शांताल आकरमान यांचा १९७५चा ‘जान डीलमान’. बाई बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण नीट करते आणि कॅमेरा जागचा हलत नाही. तीन तासांहून मोठा हा चित्रपट बायकांच्या घरकामाला पडद्यावर जेवढा वेळ देतो, तेवढा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. स्त्री-दिग्दर्शकाचा चित्रपट अव्वल येण्याची ती पहिलीच वेळ.

या कुळाशी मुंबईचंही नातं आहे. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारी १९५२मध्ये मुंबईत भरला, त्यात ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला गेला. त्यातला एक प्रसंग पाहा. सायकल सोडवायची म्हणून नवरा-बायको घरातल्या चादरी गहाण टाकतात. गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन फळ्यांच्या मांडणीवर चढत जातो, वर, आणखी वर, आणि प्रत्येक फळीवर तशीच गाठोडी रचलेली. शहराची गरिबी एकाही संवादाशिवाय कळते. बिमल रॉय यांनी हा चित्रपट पाहिला आणि १९५३ला ‘दो बिघा जमीन’ आला. सत्यजित राय यांनी तो त्याआधीच, १९५०मध्ये लंडनला पाहिला होता. त्यांचा ‘पाथेर पांचाली’ १९९२ला याच यादीत सहाव्या जागेच्या मानकऱ्यांत होता. यादीतल्या एका चित्रपटाने पुढचा चित्रपट घडवला आणि तोही यादीत आला, हे मला या कुळकथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

२०२२च्या पहिल्या शंभरांत भारतीय चित्रपट एकच, ‘पाथेर पांचाली’. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, पण या शंभरांत तो नाही. तो कमी प्रतीचा म्हणून नव्हे; जगातल्या फार थोड्या मतदारांच्या डोळ्यांसमोर तो आला असावा, असं माझं मत आहे.

म्हणून यादीवरून चित्रपट पाहायला घ्याल तेव्हा १९५२ची आणि २०२२ची, दोन्ही जवळ ठेवा. सुरुवात ‘बायसिकल थीव्ह्ज’पासून करा, लगेच ‘दो बिघा जमीन’ पाहा, मग ‘पाथेर पांचाली’. आणि ‘संत तुकाराम’ स्वतःच्या हाताने त्या यादीत लिहा.