नवजात अर्भकांतील जंतुदोष

नवजात अर्भकांतील जंतुदोष किंवा नवजात सेप्सिस हा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत रक्तात जंतूंचा शिरकाव होऊन सर्व शरीरावर परिणाम करणारा गंभीर आजार आहे. पहिल्या ७२ तासांत होणारा जंतुदोष बहुधा मातेच्या जननमार्गातून येतो. त्यानंतरचा घरातील वा रुग्णालयातील अस्वच्छ हात, नाळ किंवा उपकरणे यांतून. अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे त्याला लवकर बळी पडतात. नाळेला राख वा तेल लावणे, चीक पिळून टाकणे या प्रथांमुळेही धोका वाढतो.

लक्षणे

बाळ दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, हातपाय शिथिल पडतात, पोट फुगते, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक होतो, छाती आत ओढली जाते. ताप असतोच असे नाही. अंग थंड पडणे हेही तितकेच गंभीर लक्षण असून घरात नेमके तेच दुर्लक्षिले जाते. निदानासाठी रक्ताचे कल्चर करतात. त्याचा अहवाल येण्यास दोन-तीन दिवस लागत असल्याने केवळ संशयावरून प्रतिजैविके सुरू करावी लागतात.

गडचिरोलीतील प्रयोग

रुग्णालय दूर असलेल्या गावांत हे उपचार कोणी करावेत, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले. ठरावीक लक्षणांपैकी किमान दोन एकाच वेळी आढळल्यास त्या बाळाला रुग्णालयात नेण्यास सांगत. पालकांनी नकार दिल्यास त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमोक्झाझोलचे पातळ औषध देत. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

खानदेशाच्या संदर्भात

जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांचा उत्तर भाग सातपुड्यात येतो. तेथील पाड्यांवरून रुग्णालय गाठण्यात जाणारा वेळ बाळाच्या दृष्टीने निर्णायक असतो. २०११ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवशीही. मात्र गडचिरोलीतील यशाचा गाभा असलेले इंजेक्शन आशांच्या नेहमीच्या कामात नाही. रुग्णालयात नेणे अशक्य असल्यास ते देण्याची मुभा २०१४ मध्ये आरोग्यसेविकांना मिळाली.